पीएफची पेन्शन कधी सुरू करायची: विडी घरकुल ते अक्कलकोट रोड

पीएफच्या पेन्शनचा १० डी अर्ज भरताना माणसं बँकेचा खाते क्रमांक तीन-तीनदा तपासतात. पेन्शन कोणत्या प्रकारची आणि कोणत्या तारखेपासून हवी, हा रकाना मात्र शेजारी बसलेल्याला विचारून भरून टाकतात. आयुष्यभर दर महिन्याला किती पैसे पदरात पडणार, ते या रकान्यानं ठरतं. एकदा पेन्शन मंजूर झाली आणि पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक) पडला की मग पस्तावून उपयोग नसतो.

सोलापुरात हा प्रश्न प्रामुख्यानं दोन प्रकारच्या घरांतून येतो. एक, कुंभारीच्या विडी घरकुलातलं किंवा साखर पेठ, अशोक चौक भागातलं विडी वळणाऱ्या बाईचं घर. दुसरं, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यात लागलेल्या कामगाराचं. दोघांची योजना एकच, १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झालेली कर्मचारी पेन्शन योजना, म्हणजे ईपीएस-९५. पण दोघांचं उत्तर वेगळं आहे. अर्ज भरून देताना आमच्या कानावर येणारे सल्ले मात्र दोनच: "मिळतंय तोवर घेऊन टाका" आणि "साठला घ्या, जास्त मिळते." माणसाचं पासबुक न बघता दिलेले हे दोन्ही सल्ले नुकसान करतात.

आधी नियम सरळ सांगतो. निदान दहा वर्षांची सेवा असेल तर पेन्शन मिळते. सहा महिने किंवा जास्त असलेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून साडेनऊ वर्षांवर आलेल्या माणसानं घाईनं पैसे काढून घेऊ नयेत. पूर्ण पेन्शनचं वय ५८. त्याआधी, पन्नाशीनंतर, कमी दरानं पेन्शन घेता येते, पण पीएफ लागू असलेली नोकरी सोडलेली असली पाहिजे. ५८ ला जितकी वर्षं कमी असतील तितक्या वर्षांसाठी दर वर्षी ४ टक्के कपात होते, आणि ती कपात कायमची असते. २००८ पर्यंत हा दर ३ टक्के होता. जुन्या माणसांच्या तोंडी अजून तोच आकडा असतो, तो आता चालत नाही. उलट ५८ नंतर थांबलं तर एका वर्षाला ४ टक्के वाढ, आणि साठ पूर्ण होईपर्यंत थांबलं तर ८.१६ टक्के. साठच्या पुढं थांबण्यात काहीच मिळत नाही.

रक्कम काढायचं सूत्र सोपं आहे. शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगाराला मर्यादा आहे. १ सप्टेंबर २०१४ नंतरच्या सेवेसाठी जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात, त्याआधीच्या सेवेसाठी ६,५००. दोन्ही तुकडे वेगळे काढून बेरीज करायची. मर्यादेहून जास्त पगारावर पेन्शन मिळावी म्हणून मालक-कामगारानं मिळून दिलेला संयुक्त पर्याय ज्यांचा मंजूर झाला त्यांचा हिशोब निराळा, तो इथं धरलेला नाही.

आता पासबुकाची एक ओळ डोळ्यासमोर धरा. टॉवेल कारखान्यातला कामगार, पीएफचा पगार १५,०००. त्याच्या ओळीत तीन आकडे दिसतात: कामगाराचे १,८००, मालकाचे ५५० आणि पेन्शनचे १,२५०. मालकही १,८०० च भरतो. त्यातले ८.३३ टक्के, म्हणजे १,२५०, पेन्शन फंडात जातात आणि उरलेले ५५० पीएफमध्ये. विडीकामगार बाईची ओळ वेगळी. विडी उद्योगाला वर्गणीचा दर बाराऐवजी १० टक्के आहे. महिन्याचा पीएफचा पगार ३,६०० दाखवला असेल तर तिचे ३६०, मालकाचे ६० आणि पेन्शनचे ३००. अर्ज भरायला बसताना आम्ही पहिल्यांदा हा शेवटचा रकाना बघतो. तिथला आकडा १,२५० आहे की ३००, यावरच निम्मं उत्तर मिळतं.

विडीकामगार बाईचा हिशोब आधी. सोलापुरात तो सगळ्यात जास्त चुकतो, आणि चुकलेला सगळ्यात कमी माणसांच्या लक्षात येतो. सरासरी पगार ३,६००, सेवा १२ वर्षं. ३,६०० गुणिले १२ भागिले ७०, झाले ६१७ रुपये. पण १ सप्टेंबर २०१४ पासून ईपीएसची किमान पेन्शन १,००० रुपये आहे, म्हणून ५८ ला तिला हजार मिळतात. आता कुणी सांगितलं, "अक्का, दोन वर्षं थांबा, वाढीव मिळेल." बघू. थांबली, वर्गणीही चालू ठेवली, सेवा १४ वर्षं झाली. ३,६०० गुणिले १४ भागिले ७० म्हणजे ७२०, त्यावर ८.१६ टक्के वाढ धरली तरी ७७९. हजाराच्या खालीच. म्हणजे दोन वर्षं वाट पाहून तेच हजार, आणि मधल्या २४ महिन्यांचे २४,००० रुपये गेले ते गेलेच. जिची हिशोबानं निघणारी पेन्शन हजाराच्या आत येते, तिनं ५८ च्या पुढं एक महिनाही थांबू नये. यात आमच्या मनात कसलीही शंका नाही.

५८ च्या आधी घेण्यातही तिचं तितकंच नुकसान. हजाराचं संरक्षण पूर्ण पेन्शनला आहे. वेळेआधी घेतलेल्या पेन्शनला कपात लागते, आणि अशा बायकांच्या खात्यात महिन्याला हजाराहून कमी रक्कम येते. मुलीच्या लग्नासाठी किंवा नवऱ्याच्या दवाखान्यासाठी पैसे हवे असतात तेव्हा "पन्नाशी झाली की पेन्शन मिळते" हे वाक्य ऐकलं जातं आणि अर्ज जातो. पण पेन्शन सुरू करून एकरकमी काहीच मिळत नाही. पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी घ्यायची सोय २००८ मध्येच बंद झाली. हातात पैसे हवे असतील तर पीएफची शिल्लक वेगळी आहे, तिचा अर्ज वेगळा आहे. दोन गोष्टी एकत्र करू नयेत.

आता टॉवेल कारखान्यातला माणूस. सप्टेंबर २००८ मध्ये लागला, ऑगस्ट २०२५ मध्ये ५८ पूर्ण. आधीची ६ वर्षं ६,५०० च्या मर्यादेनं: ५५७ रुपये. नंतरची ११ वर्षं १५,००० च्या मर्यादेनं: २,३५७ रुपये. ५८ ला पेन्शन २,९१४.

तो थांबला तर दोन रस्ते आहेत आणि इथंच बहुतेकांची गल्लत होते. वर्गणी न भरता नुसतं साठपर्यंत थांबायचं, हा एक. वर्गणी चालू ठेवून थांबायचं, हा दुसरा. पहिल्या रस्त्यानं ८.१६ टक्के वाढून साठला ३,१५२ मिळतात, म्हणजे महिन्याला २३८ जास्त. त्यासाठी सोडलेली रक्कम २४ महिन्यांची, ६९,९३६. महिन्याला २३८ प्रमाणे ती भरून यायला २४ वर्षं ६ महिने लागतात. साडेचौऱ्याऐंशी वयाला बरोबरी, आणि वाढ तिथून पुढं. हा रस्ता आम्ही कुणालाही सुचवत नाही.

दुसऱ्या रस्त्यात सेवेची दोन वर्षं वाढतात, तीही १५,००० च्या दरानं. मूळ पेन्शन ३,३४३ होते, त्यावर ८.१६ टक्के, म्हणजे ३,६१६. महिन्याला ७०२ जास्त. सोडलेल्या ६९,९३६ मध्ये आणखी एक रक्कम धरायला हवी, ती बहुतेक जण विसरतात. ५८ नंतर पेन्शन फंडात वर्गणी जात नाही तेव्हा मालकाचे सगळेच्या सगळे १,८०० त्या माणसाच्या पीएफमध्ये जमा होतात. वर्गणी चालू ठेवली की त्यातले १,२५० पेन्शन फंडात जातात. २४ महिन्यांचे ३०,०००. एकूण सोडलेले ९९,९३६. ७०२ नं भागलं की जवळजवळ बारा वर्षं. बाहत्तरीच्या आसपास बरोबरी. पीएफवरचं व्याज (२०२४-२५ साठी ८.२५ टक्के) धरलं तर ती आणखी पुढं जाते.

हा रस्ता विचार करण्यासारखा आहे, पण तीन गोष्टी जुळल्या तरच. नोकरी खरोखर साठपर्यंत टिकणार आहे, पगार मर्यादेइतका आहे, आणि बायको वयानं बरीच लहान आहे. शेवटची गोष्ट महत्त्वाची. पेन्शनर गेल्यावर विधवेला त्याच्या पेन्शनच्या निम्मी मिळते. २,९१४ ची निम्मी १,४५७, ३,६१६ ची निम्मी १,८०८. नवऱ्याच्या माघारी पंधरा-वीस वर्षं काढणाऱ्या बाईला हा साडेतीनशेचा फरक जाणवतो. एकट्या माणसानं किंवा बायको सरकारी नोकरीत असलेल्यानं मात्र ५८ लाच घ्यावी.

ईपीएसच्या पेन्शनला महागाई भत्ता नाही, हेही विसरू नये. सुरू झाली त्या दिवशीचा आकडा तसाच राहतो. २०१४ ची किमान हजार रुपयांची पेन्शन त्यानंतर दहा वर्षांनीही हजारच होती. त्यामुळं ५८ व्या वर्षी हातात येणारा रुपया आणि बाहत्तराव्या वर्षी येणारा रुपया यांत बाजाराच्या पिशवीएवढा फरक असतो. कागदावरची बरोबरी बाहत्तरीला येत असेल तर पिशवीतली बरोबरी त्याहून पुढं जाते.

५८ च्या आधी घेण्याचा हिशोब मात्र लोक समजतात तितका वाईट नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. पंचावन्नला नोकरी सुटली, सेवा वीस वर्षांच्या आत, पेन्शन हजाराच्या बरीच वर. तीन वर्षं आधी घेतली तर शंभराच्या जागी साधारण ८८ मिळतात. ३६ महिन्यांत ३,१६८ पदरात, पुढं महिन्याला १२ ची तूट. ऐंशीच्या आसपास बरोबरी. दुसरं काम मिळत नसेल, घरात कमावतं कुणी नसेल, तर घ्यावी. त्यात चूक काही नाही.

पण सेवा वीस वर्षं किंवा जास्त असेल तर थांबा. ५८ पूर्ण करणाऱ्या आणि वीस वर्षं सेवा झालेल्या सभासदाच्या सेवेत दोन वर्षं जादा धरतात. २२ वर्षांची २४ होतात, पेन्शन नऊ टक्क्यांनी वाढते. वेळेआधी घेणाऱ्याला ही दोन वर्षं मिळत नाहीत. मग कपात आणि गेलेली दोन वर्षं मिळून शंभराच्या जागी ऐंशी-एक्याऐंशीच उरतात, आणि बरोबरी ऐंशीवरून सत्तर-एकाहत्तरवर येते. एमआयडीसीतल्या जुन्या कामगारांत वीस वर्षांच्या उंबरठ्यावरची माणसं बरीच असतात. एकोणीस वर्षं चार महिने झालेल्यानं हा उंबरठा नीट मोजूनच राजीनामा लिहावा.

मोजायचं कुठून? इथं खरं काम सुरू होतं, आणि ते ५८ च्या वाढदिवसाला नाही, पंचावन्न-छप्पन्नला करायचं असतं.

यूएएन म्हणजे सगळ्या नोकऱ्यांसाठी पीएफचा एकच क्रमांक. त्याच्या पोर्टलवर सेवा इतिहास उघडायचा. सोलापुरात एकाच माणसानं बंद पडलेली गिरणी, मग टॉवेल कारखाना, मग सिक्युरिटीची नोकरी असं काम केलेलं असतं, आणि प्रत्येक ठिकाणचा सभासद क्रमांक वेगळा. ते एका यूएएनखाली आले नसतील तर तेरा नंबरचा ट्रान्स्फर अर्ज आधी. छोट्या यंत्रमाग शेडमधली वर्षं बहुधा दिसणारच नाहीत, कारण पीएफ कायदा साधारणपणे वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणीच लागू होतो. त्या वर्षांची आशा धरून हिशोब करू नये.

मध्येच कधी १० सी भरून पेन्शनचे पैसे काढले असतील तर तेवढी सेवा पुसली जाते. काम सुटलं की १९ (पीएफ काढायचा अर्ज) आणि १० सी दोन्ही एकदम भरून द्यायची सवय आपल्याकडं आहे, आणि तीच माणसं पुढं नऊ वर्षांवर अडकतात. काम सुटल्यावर १० सी मध्ये पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागायचं. त्यानं सेवा जपली जाते आणि पुढच्या नोकरीला जोडली जाते.

मग एनसीपीचे दिवस. वर्गणी न भरलेले, बिनपगारी दिवस म्हणजे एनसीपी. ते पेन्शनच्या सेवेतून वजा होतात. विडीत पान-तंबाखू कमी मिळालं की काम कमी, आणि कागदावर एनसीपी जास्त. एका विडी कारखान्याच्या नोंदीत पंधरा वर्षांच्या सेवेतून एनसीपी वजा जाऊन अकरा वर्षं उरल्याचं आम्ही अर्ज भरताना पाहिलं आहे. पंधरा धरून हिशोब केलेल्या घराला तो धक्का असतो. ही वजाबाकी आधी करावी.

नाव आणि जन्मतारीख यांत सगळ्यात जास्त अर्ज अडतात. आपल्याकडं दोन ठरावीक चुका. पहिली, पीएफचं खातं लग्नाआधी उघडलेलं, माहेरच्या नावानं, आणि आधार सासरच्या नावाचं. तेलुगू घरांत आडनावाचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं, ही त्यात भर. दुसरी, जन्मतारीख. शाळेच्या दाखल्यावर १ जून, आधारवर १ जानेवारी, आणि वर्ष तिसरंच. पीएफच्या नोंदीत १९६५ आणि आधारवर १९६८ असेल तर पेन्शन तीन वर्षं लांबते. हजारानं गुणलं तरी ३६,०००.

दुरुस्ती जॉइंट डिक्लेरेशननं होते, म्हणजे कामगाराचा अर्ज आणि बहुतेक जुन्या खात्यांना मालकाची मान्यता. जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार जानेवारी २०२४ पासून धरत नाहीत. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, पॅन कार्ड हे चालतात. यांतलं काहीच नसेल तर सिव्हिल सर्जनचं वयाचं प्रमाणपत्र आणि सोबत प्रतिज्ञापत्र. शाळेचा दाखला मिळवायलाच महिना-दोन महिने जातात, शाळा बंद झाली असेल तर जास्त. म्हणून छप्पन्नला सुरुवात.

मोबाइल नंबरही तेव्हाच बघून घ्यावा. आधारला जोडलेला नंबर मुलाचा, आणि मुलगा पुण्यात, असं असलं की प्रत्येक ओटीपीला फोन करावा लागतो आणि निम्मे अर्ज तिथंच राहतात. ई-नॉमिनेशनही भरून ठेवावं. नवरा-बायकोची आणि पंचविशीच्या आतल्या मुलांची नावं त्यात नीट असावीत. पुढं विधवेची आणि मुलांची पेन्शन त्याच नोंदीवर सोपी होते.

अठ्ठावन्न पूर्ण झाले की नोकरी सोडावी लागते, हा समज चुकीचा आहे. ५८ ला ईपीएसचं सभासदत्व संपतं, नोकरी नव्हे. कामावर राहून पेन्शन घेता येते, पीएफ चालू राहतो. यातली अडचण वेगळीच असते. कारखान्याचा क्लार्क मासिक चलनात ५८ नंतरही पेन्शनच्या रकान्यात १,२५० टाकत राहतो. तिथं शून्य हवं. असे चार-सहा महिने गेले की अर्ज त्रुटी दाखवून परत येतो आणि ती रक्कम पीएफकडं वळवून घेण्यात वेळ जातो. ५८ व्या वाढदिवसाच्या महिन्यात क्लार्कला जाऊन सांगायचं: "साहेब, या महिन्यापासून पेन्शनचा रकाना बंद करा, ईपीएस सोडल्याची तारीख टाका." तोंडी सांगून भागत नाही. चिठ्ठी द्यावी आणि पोच घ्यावी. जो साठपर्यंत वर्गणी भरून थांबणार आहे त्यानंही ते ५८ च्या आधी लेखी कळवायचं, नाहीतर कारखाना नियमाप्रमाणं वर्गणी बंद करतो आणि थांबण्याला अर्थ उरत नाही.

काम सुटलेल्यांच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख नसते, ही त्याची जुळी अडचण. कारखान्यानं टाकली नाही तर शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाल्यावर पोर्टलवर स्वतः टाकता येते.

अर्ज ऑनलाइन करायचा असेल तर यूएएन पोर्टलवर ऑनलाइन सेवांमध्ये क्लेमचं पान आहे, तिथं १० डी. कागदी करायचा असेल तर अर्ज, जोडप्याचे एकत्र फोटो, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, जन्मतारखेचा पुरावा, आणि सही किंवा अंगठ्याचे नमुने. खातं एकट्याचं किंवा नवरा-बायकोचं मिळून असावं. मुलाबरोबरचं खातं देऊ नये. मालकाची सही लागते. कारखानाच बंद पडला असेल तर बँक मॅनेजर किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन करून घ्यावं. पेन्शनचा प्रकार लिहिताना ५८ पूर्ण झालेल्यांनी 'सुपरॲन्युएशन', म्हणजे पूर्ण वयाची पेन्शनच निवडायची. 'रिड्यूस्ड' (कमी दराची) हा शब्द चुकून निवडला गेला तर आयुष्यभराची कपात स्वतःच्या सहीनं मान्य होते.

उशिरा अर्ज करणं आणि पेन्शन लांबवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ५८ नंतर आठ महिन्यांनी अर्ज केला म्हणून वाढ मिळत नाही, पण मागची थकबाकी ५८ पासून मिळते. तिच्यावर व्याज नसतं एवढंच. त्यामुळं कागद अडकले म्हणून कुणी निराश होऊन "राहू द्या आता, साठलाच घेऊ" असं म्हणू नये. पूर्ण कागदांचा अर्ज वीस दिवसांत निकाली निघावा असा नियम आहे. न निघाल्यास तक्रार पोर्टलवर नोंदवावी आणि नोंदणी क्रमांक लिहून ठेवावा. दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट' हा जिल्ह्यातला मेळावा असतो, त्या दिवशी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. तिथं मूळ कागद आणि प्रती दोन्ही घेऊन जावं.

मंजुरी झाली की बारा आकडी पीपीओ नंबर येतो. तो देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवण्याइतका जपावा, आणि एक फोटो मुलीच्या मोबाइलवरही असावा. १ जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेत, कुठल्याही शाखेत घेता येते. सोलापूर सोडून भिवंडीला मुलाकडं किंवा हैदराबादला लेकीकडं राहायला गेलं तरी पीपीओ बदलून घ्यावा लागत नाही. पैसे महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत जमा होतात. फक्त मार्चचे एप्रिलमध्ये.

राहिला हयातीचा दाखला. ईपीएस पेन्शनरांना नोव्हेंबरची सक्ती नाही. वर्षात कधीही द्यावा, दिल्या तारखेपासून एक वर्ष चालतो. विडीकामगार बायकांच्या बाबतीत इथं एक नेमकी अडचण येते. तीस-पस्तीस वर्षं पान कातरून, ओलसर पानावर तंबाखू घालून, अंगठा आणि तर्जनीनं वळून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. अशा वेळी अंगठा-तर्जनीचा हट्ट सोडायचा. बोट कोमट पाण्यानं धुऊन, कोरडं करून अनामिका किंवा करंगळी लावून बघायची, ती विडीत कमी झिजते. तरी नाही जमलं तर चेहरा ओळखणारं ॲप आहे. दारात, उजेडाकडं तोंड करून उभं राहायचं, डोक्यावरचा पदर कपाळाच्या मागं घ्यायचा, चष्मा काढायचा, आणि सांगेल तेव्हा डोळ्यांची उघडझाप करायची. "अक्का, हलू नका, फक्त डोळे मिटा आणि उघडा." दोन मिनिटांत दाखला जातो. त्याची तारीख कॅलेंडरवर पुढच्या वर्षाच्या पानावर लिहून ठेवायची, आणि ती तारीख यायच्या पंधरा दिवस आधी पुन्हा उजेडात उभं राहायचं.